पायरीवरच्या चपला

कोऱ्या चादरीचा वास आला की मला नवी पेठ आठवते आणि अजूनही राग येतो. कॉलेजसाठी आमच्या केम गावाहून सोलापूरला आलो, त्या दिवशी वडील आणि मी पायीच शहर बघत होतो. चादर घ्यायला नवी पेठेतल्या एका दुकानात शिरताना, पांढरी फरशी मळेल म्हणून वडिलांनी चपला पायरीवर काढल्या. मालक गल्ल्यावरून ओरडला, "ओ मामा, हे काय देऊळ हाय व्हय? गिऱ्हाइकांच्या वाटेतनं चपला उचला!" आत बूट घालून उभे असलेले लोक हसले. "आमीबी गिऱ्हाईकच हाय की," वडील हळूच म्हणाले. मी निवडलेली चादर तिथंच ठेवली आणि त्यांना घेऊन बाहेर पडलो. हॉस्टेलवर अजून घरची गोधडीच पांघरतो. दुसऱ्याची फरशी मळू नये म्हणून चपला काढणाऱ्या माणसाला हसायचं काय कारण होतं?