दिवसाची मच्छरदाणी

डोकमर्डीच्या आमच्या खोलीत पलंग एक, मच्छरदाणी एक आणि माणसं दोन. मोठा भाऊ राखोलीच्या कारखान्यात रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. सकाळी तो आला की मी मच्छरदाणी घडी करून खुंटीला टांगायचो आणि तो तसाच उघडा झोपायचा. मच्छर रात्रीचे, म्हणून मच्छरदाणीही रात्रीची. हे शहाणपण आम्ही धुळ्याहून सोबतच आणलं होतं.

पावसाळ्यात त्याला ताप चढला. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. मी चाळीमागच्या गटाराला शिव्या घातल्या, त्यात जळकं ऑइल ओतलं, घरमालकाशी भांडलो. मला सुट्टी मिळेना, म्हणून फोन करून गावाहून वहिनीला बोलावून घेतलं. ती दिवसभर त्याच्या उशाशी बसायची.

दोन दिवसांनी आरोग्य खात्याची बाई आली. गटाराकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्याच पाण्याच्या पिंपात बॅटरी मारली. नितळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. हा मच्छर चांगल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, तिने सांगितलं. तापातल्या माणसाला चावला की आठवड्याभराने तोच दुसऱ्याला ताप देतो. तेव्हा पेशंटला दिवसा मच्छरदाणीत ठेवा.

पिंप ओतलं, मच्छरदाणी बांधली. भाऊ तापातही हसला. म्हणाला, "मी काय बाळंतीण शे का? काढ ती." आमच्याकडे भरदिवसा मच्छरदाणीत बाळंतीणच झोपते. दारातून शेजारीही हसले. मला लाज वाटली आणि मी ती काढून पुन्हा खुंटीला टांगली. याचाच मला अजून संताप येतो. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. मी सगळं कान देऊन ऐकलं होतं.

भाऊ कामावर परतला त्याच आठवड्यात वहिनी तापाने फणफणली. प्लेटलेट उतरत गेल्या, हिरड्यांतून रक्त आलं, सहा दिवस दवाखान्यात काढले. घरी आणल्यावर भाऊ भरदुपारी तिच्याभोवती मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचत बसायचा. तेव्हा चाळीत कुणी हसलं नाही.

गावी निघाली त्या सकाळी मी पिंप घासत होतो. ती दारात थांबली. हातातली पिशवीही तिला जड होत होती.

"भाऊजी, तुम्ही बोलावलं ते बरं केलं," ती म्हणाली. "दुखण्यात मला यांच्याजवळ राहता आलं."

मी मान वर न करता घासत राहिलो.