सकाळची पत्रिका, दुपारची पत्रिका

बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तरी उन्हाळ्याच्या दुपारी कूलर लावून पडलो की त्याच्या घरघरीतून तिचा आवाज येतो. माझा यावर विश्वास नाही, पण येतो. ती एकच गोष्ट विचारते. काय विचारते ते कळायला आधीचं सांगावं लागेल. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, सजवून लिहिता येत नाही.

बर्डीच्या बाजारातल्या एका गल्लीत माझं पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशी साल उलटून गेलं होतं, शहरात कम्प्युटर नवे नवे आले होते. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत एका इंजिनियरनं कम्प्युटर आणून पत्रिका काढायचा धंदा टाकला. जन्माची तारीख, वेळ, गाव सांगायचं. मशीन कुंडली मांडायची आणि खाली भविष्य छापून द्यायची. लोक चपला बाहेर काढून आत जायचे. मशीनच्या कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पुढे दिवसभर उदबत्ती. बाया डोक्यावर पदर घेऊन तिला हात जोडायच्या.

लग्नसराईत जिन्यावर रांग मावेना. तेव्हा इंजिनियरनं मशीन उघडून आतली एक चपटी पत्र्याची डबी बदलली. मला मुद्दाम वर बोलावून दाखवलं.

"काका, हा क्रिस्टल. याच्यावर मशीनची धडधड चालते. कंपनीचा काढला, जास्त वेगाचा बसवला. आता दीडपट पळते."

"अन् छाती फुटली त?"

"मशीनले छाती नसते, काका."

"मंग धडधड कशाची करते गा?"

तो हसला. मीही हसलो. मशीन खरंच पळत होती.

ऊन वाढलं तशी ती बिघडत गेली. छापता छापता मधेच थांबायची. पडदा गोठायचा, बंद करून पुन्हा चालू करावी लागायची. पळवलेली मशीन पहिल्यापेक्षा हळू काम करायला लागली. लाइट कमीजास्त होते म्हणून इंजिनियरनं माझ्याकडून स्टॅबिलायझर बसवून घेतला. फरक नाही. मग मी खसचा, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिच्या तोंडासमोर लावला. थोडे दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच.

त्याच दिवसांत माझ्या बायकोच्या पोटात गोळा निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. ती ऐकेना. तिची आई दवाखान्यात चालत गेली होती आणि चौघांच्या खांद्यावर परत आली होती.

"पत्रिका पाह्यल्याबिगर मी टेबलावर झोपत नाही," ती म्हणाली. पोळ्याच्या दिवशी, बैल घरी यायच्या वेळेला तिचा जन्म झाला होता. साल तिच्या भावाला माहीत होतं. एवढ्यावर इंजिनियरनं जुन्या पंचांगातून तारीख काढून दिली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस लागले होते, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. भरदुपारी ती जिना चढून वर गेली. खाली आली ती कागद घेऊनच. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली.

"वाचा जी. यंदा शस्त्रापासून भय आहे म्हणते. डाक्टरच्या हातात काय फुलं असतात?"

"अवं, ते मशीन दुपारी पागल होऊन राहिली. वर कोणालेही विचार."

"तुमाले मले कापायचंच आहे, त मशीनच पागल म्हणान."

हे मला लागलं. वर जाऊन इंजिनियरला म्हणालो, "बापू, आजच्या आज बिमारी शोध. माझी बायको अडकली आहे तुह्या मशीनपायी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात आम्ही तिचीच पत्रिका पुन्हा काढली. चंद्र दुसऱ्याच घरात जाऊन बसला. खाली छापून आलं, संकट टळेल, आयुष्य दीर्घ. दुपारी परत काढली तर तिसरंच काहीतरी. इंजिनियरचा चेहरा उतरला. त्या उन्हाळ्यात किती जणांची लग्नं त्या मशीननं जमवली आणि किती मोडली असतील, हेच त्याच्या मनात आलं असावं.

मग त्यानं मशीन उघडली. आतल्या पंख्यावर उदबत्तीच्या धुराची काळी चिकट काजळी बसली होती. जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. देव समजून लोकांनीच तिचा श्वास कोंडला होता. मी पंखा काढून रॉकेलच्या बोळ्यानं घासला. मशीन आधीपेक्षा जास्त वेळ टिकली, पण ऊन चढल्यावर ग्रह पुन्हा सरकलेच. वाढवलेल्या वेगानंच ती उन्हात तापून गणित चुकत होती. तेव्हा इंजिनियरनं स्वतःच्या हातानं वेगाची डबी काढली आणि कंपनीची परत बसवली.

त्या दुपारी अंगाची लाही होत होती. आम्ही तीच पत्रिका पुन्हा पुन्हा काढली. मशीन रेंगाळत होती, पण दर वेळी सकाळचंच पान देत होती. आयुष्य दीर्घ.

मी ती पानं घेऊन घरी गेलो. बायको तांदूळ निवडत होती. तिनं पानं एकावर एक धरून पाहिली.

"सारखं बोलते म्हणून खरं बोलते काय जी?"

"हो. खरं आहे."

"सकाळचं खरं, का दुपारचं?"

"सकाळचं. आता दुपारीही तेच येते."

तिनं सुपातले तांदूळ डब्यात ओतले आणि म्हणाली, "मंग चला."

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, "मले काही नाही होत वं, कम्प्युटरनं सांगितलं." ऑपरेशनच्या टेबलावरून ती उठली नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गोळा आतून पसरला होता. कापलं नसतं तरी दिवाळी दिसली नसती. ते खोटं बोलले असं मला कधी वाटलं नाही.

तेरवीला इंजिनियर आला. कोपऱ्यात बसून राहिला. निघताना माझा हात धरून म्हणाला, "काका, मशीन आता बरोबर आहे." त्या पोराला दुसरं काय बोलावं ते सुचलं नसेल. पुढे त्यानं पत्रिका बंद केल्या आणि वर टायपिंगची कामं घ्यायला लागला. माझ्या दुकानाच्या छतातून दिवसभर छपाईची करकर ऐकू यायची. ती ऐकवेना, म्हणून मी दुकान दुसऱ्या गल्लीत नेलं.

त्या पत्र्याच्या डबीला माझ्या बायकोची काय खबर असणार? एवढी अक्कल मला आहे. तरी बिमार मशीन म्हणाली होती, शस्त्रापासून जप. आणि दुरुस्त केलेली म्हणाली, भरपूर जगशील. दुरुस्त करायला मीच धावलो होतो.

दुपारी कूलर घरघरतो आणि ती विचारते, "सकाळचं खरं, का दुपारचं?"

आता मी म्हातारा झालो, आता बोलतो तिच्याशी. म्हणतो, "दोन्ही खोटं होतं वं. मी तुले मशीनच्या भरवशावर नाही, डाक्टरच्या भरवशावर नेलं."

"मंग तवा तसं काहून नाही सांगितलं जी?"

मी उठून कूलर बंद करतो. घाम येतो तो येऊ देतो.