दाजींची जीभ

आमच्या डोंगरातल्या खनिफ्रा गावच्या टॅक्सीथांब्यामागे बुअज्जा उस्तादांचं गॅरेज आहे. ते माझे दाजी. माझी थोरली बहीण इत्तो त्यांना दिलेली. चाळीस वर्षं त्यांनी आम्हा टॅक्सीवाल्यांच्या जुन्या डिझेल गाड्यांचं दुखणं एकाच पद्धतीने ओळखलं. टाकीतलं डिझेल बोटावर घ्यायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि निकाल द्यायचा. पाणी आहे, रॉकेल आहे, पंप गेलाय. दुसरे मिस्त्री अर्धी गाडी खोलतात तेव्हा कुठे एवढं कळतं. डोंगरापलीकडच्या गावांतूनही लोक या जिभेसाठी यायचे, आणि दाजींना तिचा माज होता, खोटं कशाला बोलू.

हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि चव गेली ती परतलीच नाही. हे इत्तोला ठाऊक, आणि इत्तोच्या पोटात काही राहत नाही म्हणून मला. बाहेर दाजींनी अवाक्षर काढलं नाही. अंदाजाने निकाल देत राहिले. निम्मे बरोबर यायचे. मग रमजान आला आणि त्यांची महिनाभराची सोय झाली. कोणी बोनेट उघडलं की म्हणायचे, "रोजा आहे बाबा. ईदनंतर ये."

ईदच्या तिसऱ्या दिवशी बस्सू आला. त्याची जर्मन टॅक्सी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चढाला आचके देत होती आणि मागून पांढरा धूर सोडत होती. डिझेल महागल्यापासून तो त्यात स्फंज, म्हणजे कणकेची कडी, तळून विकणाऱ्या द्रिसचं उरलेलं तेल निम्मं-निम्मं मिसळत होता. रमजानात त्याच्या गाडीत कोणी बसेना. दुपारी चारला, उपाशी पोटी, तळणीचा वास कोण सहन करील? तरी थांब्यावरचे आणखी पाच जण तेलाचे डबे घेऊन तयार होते. दोष तेलाचा की पंपाचा, एवढं उस्तादांनी सांगायचं बाकी होतं.

"चाखा उस्ताद," बस्सू म्हणाला. "ईद झाली. आता कुठली सबब सांगणार?"

दाजींनी बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकले. पुन्हा लावलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता देतील काहीतरी ठोकून, आणि मनातून मला तेच हवं होतं.

"मला काही कळत नाही," दाजी म्हणाले. "चार महिने झाले. जीभ मेलीय."

कोणी हसलं नाही. बस्सूने टोपी मागे सारली. "मग रमजानाआधी माझा पंप बदललात तो?"

"अंदाजाने."

"छान. पंप नवा आणि दुखणं जुनंच."

"शिव्या नंतर दे. आधी बोट बुडव आणि तूच चाख."

बस्सूने चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "डिझेलसारखं लागतंय."

"ते मलाही सांगता आलं असतं. जळजळतंय की बुळबुळतंय?"

"बुळबुळतंय. आणि जरा खारट आहे."

बाकीच्यांनीही चाखलं. खारटच होतं.

दाजी स्टुलावर टेकले. "तेल खारट नसतं. द्रिस कणकेचे हात मिठाच्या पाण्यात बुडवतो. काम आटोपल्यावर ते पाणी कुठे ओततो, विचारा त्याला."

द्रिस तेलाच्याच डब्यात ओतत होता. फुकटच्या तेलात थोडं पाणी गेलं तर काय बिघडलं, असा वर त्याचाच सवाल.

"तेल चालेल," दाजींनी निकाल दिला. "उकळा, दोन दिवस निवळू द्या, वरचं फडक्यातून गाळून घ्या. थंडीत मात्र त्याचं नाव काढू नका, घट्ट होतं."

टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला आणि बस्सूची गाडी तो चढ सरळ चढून गेली.

पुढचं मात्र मला आवडलं नाही. पहिले आठ दिवस जो तो चाखून दाजींना सांगायला यायचा. मग सगळ्यांना कळलं की खारट म्हणजे द्रिसचं पाणी, जळजळ म्हणजे रॉकेल, आणि येणं थांबलं. चाळीस वर्षांची विद्या आठवड्यात थांब्यावर वाटली गेली. दाजी दारात खुर्ची टाकून बसतात. गाड्या समोरून जातात.

काल माझी गाडी ठोके द्यायला लागली. मी चाखलं, रॉकेल, शंकाच नको. तरी गाडी गॅरेजकडे वळवली.

"दाजी, जिभेला काहीतरी लागतंय. काय ते समजत नाही."

ते उठले. "कुठे लागतंय? टोकाला की घशाशी?"

"घशाशी."

त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. मी घाई केली नाही.