हातांची तपासणी आणि सदर बाजारातली चप्पल

हातांची तपासणी संपली होती. शालिनी रामटेके टेबलाच्या कडेला बसून पायानं चप्पल शोधत होत्या. चप्पल पायाला लागूनच होती, तरी सापडेना. शेवटी त्यांनी खाली पाहिलं आणि मगच पाय आत सरकला.

"हे रोजचंच आहे," त्यांचे यजमान खुर्चीतून म्हणाले. ते रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. "परवा सदर बाजारात हिची एक चप्पल निघून पडली. बाई एक पाय अनवाणी, थेट सराफाच्या दुकानापर्यंत. तिथल्या पोरीनं सांगितलं तेव्हा हिले समजलं."

"हे कायले सांगून राहिले तुम्ही?" शालिनीताई म्हणाल्या. "भाऊ, यांचं मनावर घेऊ नका. मले बारा वर्षांपासून संधिवात आहे. त्याच्यात असं होतेच."

मी रायपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात न्यूरो टेक्निशियन होतो. माझं काम नसांची तपासणी. मनगटापाशी बारीकसा करंट द्यायचा आणि तो नसेतून किती वेगानं जातो ते मशीनवर पाहायचं. वायरमन लाईन तपासतो तसंच, फक्त आमची लाईन मध्येच "आई गं" म्हणते.

शालिनीताई नवा रायपूरला मंत्रालयात नोकरीला होत्या. त्यांचा संधिवात रूमॅटॉइड जातीचा. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. हातांना मुंग्या येतात म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. संशय होता कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातल्या अरुंद जागेत नस दबण्याचा. संधिवातात हे नेहमीचं. तपासणीत तेच निघालं, दोन्ही हातांत, थोडंसं. सगळं जुळलं होतं. मी रिपोर्टवर सही घ्यायला जाणारच होतो.

पण मनगटातली नस दबली तर पायातली चप्पल कशी हरवेल?

मी आमच्या न्यूरोलॉजिस्ट सरांना फोन केला. त्यांची ओपीडी भरलेली होती.

"सर, पायही करू का?"

"फॉर्म पर हाथ लिखा है ना?"

"लिहिलंय सर. पण चालताना त्रास पायांना होतोय."

"कर लो. नॉर्मल आया तो चाय तुम्हारी तरफ से."

पायांची तपासणी नॉर्मल आली, अगदी पुस्तकात छापावी अशी. मी रिपोर्ट घेऊन सरांकडे गेलो. ते हसून म्हणाले, "मंगाओ चाय."

"मागवतो सर. पण पायाच्या नसा ठीक आहेत आणि बाईंना चप्पल निघाल्याचं कळत नाही. मग बिघाड कुठं आहे?"

सरांचं हसू थांबलं. ते हातोडी घेऊन स्वतः माझ्या खोलीत आले.

त्यांनी शालिनीताईंच्या गुडघ्यावर हलकेच ठोकलं. पाय असा उडाला की सर मागे सरकले. "क्रिकेट खेलती थीं क्या?" त्यांनी विचारलं. शालिनीताई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. पायातली नस खराब असती तर पाय थंड पडून राहिला असता. तो असा उडतो तेव्हा बहुतेकदा बिघाड वर असतो, मेंदूकडून येणाऱ्या मुख्य केबलमध्ये, म्हणजे मज्जारज्जूत.

"गर्दन झुकाने पर करंट जैसा लगता है?"

"हव," शालिनीताई म्हणाल्या. "केस धुताना पाठीतून खाली जाते. मले वाटलं, तेही संधिवाताचंच."

एका अर्थी ते खरंच होतं. कवटीच्या खालचे पहिले दोन मणके एका पट्टीनं बांधलेले असतात. संधिवाताच्या वर्षानुवर्षांच्या सुजेनं ती सैल होते, मणका सरकतो आणि मज्जारज्जू दबतो. मानेचा एक्स-रे आणि एमआरआय झाला. तेच होतं. मनगटातली नस दबलेली होती हे खोटं नव्हतं. फक्त तेवढंच खरं नव्हतं.

सरांनी दोघांना बसवून सांगितलं की ऑपरेशन लवकर करावं लागेल. तोवर मानेला कॉलर, आणि स्कूटरवर मागे बसणं बंद. एखादा जोराचा धक्का बसला तर हातपाय जाऊ शकतात, श्वासही. शालिनीताईंनी विचारलं, "म्हणजे मी महिनाभर स्टाफ बसनं धक्के खात गेली, ते...?" कॉलरची पट्टी रामटेके काकांनी तीनदा लावली आणि तीनदा सोडली. शेवटी ती मी लावून दिली.

ऑपरेशन झालं. मणके स्क्रूनं जागेवर बसवले. चार महिन्यांनी त्या पुन्हा तपासणीला आल्या, तेव्हा ऑपरेशननंतर घेतलेली काठी सुटली होती. पाय कुठे पडतो ते आता कळत होतं. हातांना मुंग्या थोड्या होत्या, त्यासाठी रात्री मनगटाला पट्टा. मान पूर्वीसारखी वळत नव्हती.

"आता यांच्याकडे पाहायचं तर पूर्ण वळा लागते," त्या म्हणाल्या. "म्हणून मी पाहतच नाही."

काका खूष दिसत होते.

फाईलवर जुना आजार लिहिलेला असला की प्रत्येक नवी तक्रार त्याच्याच नावावर जाते. पेशंट तसं करतो, आम्हीही करतो. आणि मशीन फक्त विचारलेल्याचंच उत्तर देतं. तेव्हापासून मी सोबत आलेल्या माणसालाही विचारायला लागलो, घरी यांचं काय वेगळं दिसतं? बहुतेक नवरे स्वयंपाकातलं मीठ सांगायचे. ते मी लिहून घेत नसे.