जानकी एक डोळा का झाकत होती

“वाचताना ही कधी एक डोळा हाताने झाकते का?” डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

मी म्हणाले, “नाही.”

जानकी तपासणीच्या उंच खुर्चीत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मान वळवली. नऊ वर्षांच्या माझ्या मुलीसमोर मी धडधडीत खोटं बोलले होते आणि ते तिला ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंनी एक पेन तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू नाकाकडे आणायला सुरुवात केली. “एकाची दोन दिसली की सांग,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. पेन अजून वीतभर लांब होतं तेव्हाच जानकी म्हणाली, “दोन.” त्याच क्षणी तिचा उजवा डोळा बाहेरच्या बाजूला सरकला. मी शेजारीच उभी होते, मला स्पष्ट दिसलं.

“कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला समजावून सांगू लागल्या. जवळचं काही पाहायचं तर दोन्ही डोळ्यांना मिळून आत वळावं लागतं. जानकीचे डोळे ते जमवू शकत नाहीत. थोडा वेळ जोर लावतात, थकतात, आणि मग एक डोळा आपली वाट धरतो. अक्षरं दुहेरी दिसतात, ओळी हलतात, डोकं दुखतं, गरगरतं. लांबचं मात्र अगदी नीट दिसतं.

हे मी लिहिते आहे ते अशा आईबापांसाठी, ज्यांच्या घरी मूल पुस्तक उघडलं की डोकं धरून बसतं. मी स्वतः शिक्षिका आहे. रोज सकाळी तंजावरहून बसने ओरत्तनाडूला जाते आणि तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. सोळा वर्षं झाली. कोणाचं पोट खरंच दुखतंय आणि कोणाचं गणिताच्या तासापुरतं, हे मला चेहरा पाहून कळतं अशी माझी ख्याती आहे. ती ख्याती माझ्या डोक्यात गेली होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत जानकीची तक्रार सुरू झाली. संध्याकाळी अभ्यासाला बसली की वीस मिनिटांत म्हणायची, “अम्मा, डोस्कं दुखतंय. तलै सुत्तुदु.” डोकं गरगरतं, हे ती नेहमी तमिळमध्येच सांगायची. आमच्या घरातली मुलं मराठी बोलतात, पण त्रास वाढला की तोंडातून तमिळ येतं.

शाळेत तमिळ आणि इंग्रजी होतं. घरी मी तिला देवनागरी शिकवत होते. तंजावरच्या आम्हा मराठी लोकांत देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मला माझ्या वडिलांनी शिकवलं, म्हणून जानकीला मी शिकवणार, हा माझा हट्ट. अभ्यासाच्या शेवटी अर्धा तास मराठी पुस्तक. तोपर्यंत तिचे डोळे पार दमलेले असायचे, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की मराठी पुस्तक काढलं की हिचं डोकं जास्त दुखतं. मला त्याचा राग यायचा.

माझे यजमान श्रीनिवास म्हणायचे, “लेंकराला उगे सोड की. तीन लिप्या एका डोस्क्यात घालतेस.” मी ऐकलं नाही.

तपासण्या केल्या नाहीत असं नाही. चष्म्याच्या दुकानात नेलं. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा तिने घडाघडा वाचली. दुकानदार म्हणाला, नजर सहा बाय सहा, चष्म्याची गरज नाही. मग मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी पाहिलं, कान तपासले, रक्त काढलं. सकाळी खाऊन जाते का, पाणी पिते का, झोप किती, घरात कोणाला मायग्रेन आहे का, सगळं विचारलं. हिमोग्लोबिन जरासं कमी निघालं. लोहाचं औषध दिलं. डॉक्टर हेही म्हणाले की सकाळी उठताच डोकं दुखणं, उलट्या, चालताना तोल जाणं यातलं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नका. तसं काही नव्हतं. मात्र महिनाभर औषध घेऊन डोकेदुखीत काही फरक पडला नाही.

“फरक नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा,” असं त्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, डोळे तर दाखवून झालेत.

मग नवरात्र आलं. आमच्या घरी मूळ नक्षत्राच्या दिवशी सरस्वतीचं आवाहन होतं आणि घरातली सगळी पुस्तकं, वह्या, पेनं रेशमी कापडात बांधून पूजेत ठेवतात. विजयादशमीला उत्तरपूजा होईपर्यंत कोणी काही वाचायचं नाही, लिहायचं नाही. मीसुद्धा शाळेच्या उत्तरपत्रिका त्या आधी संपवते.

त्या दिवसांत जानकीचं डोकं एकदाही दुखलं नाही. गोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या सजवल्या, शेजारच्या मुलींबरोबर अंगणात दोरीवरच्या उड्या मारल्या, घरोघरी प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खात हिंडली. गरगरणं नाही, काही नाही.

ज्याला डोळे आहेत त्याला यात उत्तर दिसलं असतं. पुस्तक बंद तर दुखणं बंद. मला दिसलं ते असं: खेळायला बरी असते, वाचायला आजारी पडते. म्हणजे सोंग आहे. मला पुरावाच मिळाला. खरं सांगते, मला त्यात थोडं समाधानही वाटलं.

विजयादशमीला पूजेतलं पुस्तक उचलून प्रत्येक मुलाने थोडं वाचायचं असतं. त्या दिवशी तिरुवैयारुहून माझी नणंद वत्सला आली होती. ती तिकडे वीणा शिकवते. आणखी पाचसहा पाहुणे होते. सगळ्यांसमोर मी जानकीच्या हातात देवनागरी पुस्तक दिलं. माझी मुलगी मराठी वाचते हे मला दाखवायचं होतं.

तिने दोन ओळी वाचल्या आणि अडखळली. मग तळहाताने उजवा डोळा झाकला. आणि पुढच्या दोन ओळी चक्क नीट वाचल्या.

वत्सला म्हणाली, “वहिनी, डोळा कशाक झाकते ती?”

“नाटक,” मी म्हणाले. जानकीचा हात मी ओढून खाली केला. “देवासमोर नीट वाच.”

ती वाचू लागली, थांबली, भिंतीला हात टेकून खाली बसली. मला लोकांसमोर लाज वाटली. मी म्हणाले, “चार दिवस उड्या मारताना बरी होतीस. आज पुस्तक पाहिलं की लगेच गरगरलं.” दोघीतिघी हसल्या. जानकीने पुस्तक मिटून पाटावर ठेवलं.

त्यानंतर तिने डोकं दुखतं असं कधी म्हटलं नाही. एकदाही नाही. मी यजमानांना सांगितलं, बघा, बरोबर औषध लागू पडलं.

नोव्हेंबरमध्ये तिच्या वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. जानकी वहीत ओळी गाळते, बेरजेचे आकडे एका घरातले दुसऱ्या घरात लिहिते, आणि काल वाचनाच्या तासानंतर जिना उतरताना कठडा धरून बराच वेळ उभी राहिली. “मी विचारलं तर म्हणाली, काही होत नाही. घरी काही सांगते का?” मी म्हटलं, नाही, काही सांगत नाही. तिचं सांगणं मीच बंद केलं होतं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथे मी पुन्हा खोटं बोलले, ते सुरुवातीला सांगितलंच. डॉक्टरबाई कागदावर लिहू लागल्या तेव्हा मला ते सहन होईना. मी म्हणाले, “डॉक्टर, झाकते ती डोळा. मी तिचा हात ओढून काढला होता.”

त्यांनी मान वर केली. रागावल्या नाहीत. “एक डोळा झाकला की दुहेरी दिसायचं थांबतं. तिचा उपाय तिने शोधला होता,” एवढंच म्हणाल्या. मग थेंब घालून डोळ्यांचा पडदा आणि आतली नस तपासली. बाकी सगळं ठीक होतं.

बाहेरच्या बाकावर बसून मी जानकीला विचारलं, “दोन दोन दिसतं हे कधी सांगितलं नाहीस?”

ती म्हणाली, “अस्क्यांना तसंच दिसते म्हणून वाटलं.” अस्के म्हणजे सगळे. मग म्हणाली, “अस्के वाचतात, मलाच येईना.”

मी तिची माफी मागितली. तिने “परवाल्लै” म्हटलं, असू दे म्हणून. मोठी माणसं म्हणतात तसं. मला ते फार लागलं.

उपचार साधे होते, चिकाटीचे होते. आठवड्यातून एकदा दवाखान्यात व्यायाम. रोज घरी पंधरा मिनिटं दोरीत ओवलेल्या रंगीत मण्यांवर नजर लावायची, पेन्सिल नाकाकडे आणायची आणि एकाची दोन होऊ द्यायची नाही. तीन महिन्यांत पेन नाकापासून चार बोटांवर येईपर्यंत एकच दिसू लागलं. वाचनाला वेग आला. मराठी पुस्तक मी कपाटात ठेवलं आणि सांगितलं, तुला वाटेल तेव्हा काढ.

डोळे सुधारले, पण माझी काळजी संपली नव्हती. मी रोज विचारायचे, “दुखतं का?” ती लगेच म्हणायची, “नाही.” हे ‘नाही’ खरं होतं, की मीच तिला पढवलेलं, ते मला कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांच्या कागदावर सगळं ठीक होतं. पण उद्या तिला दुसरं काही झालं तर ती मला सांगेल का, याचं उत्तर कुठल्या कागदावर नव्हतं.

गेल्या शनिवारी दुपारी ती अपूर्णांकांची गणितं करत होती. बाहेर मैत्रिणी सायकली घेऊन आल्या होत्या. तिने दोनदा खिडकीकडे पाहिलं, पेन्सिल ठेवली, आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “अम्मा, डोस्कं दुखतंय.” मग माझा विश्वास बसला का ते बोटांच्या फटीतून पाहिलं.

सोळा वर्षांचा अनुभव आहे माझा. सोंग मी एका क्षणात ओळखलं. मी वही मिटली आणि म्हणाले, “बरं, ऊठ.” ती चपला न घालताच पळाली. मला रडू आलं. सहा महिन्यांनी माझी मुलगी मला काहीतरी दुखतंय म्हणून सांगायला आली होती, खोटं का होईना.