काजवाल्या मावशींची भरलेली बाटली

मावशी पहिल्यांदा माझ्या नजरेत भरल्या त्या त्यांच्या पाण्याच्या बाटलीमुळे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी कपड्यांच्या एका कारखान्यात दर मंगळवारी आरोग्याचा तास घेत असे. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं, भिंतीवर तक्ते, समोर शिलाईच्या एका रांगेतल्या चाळीस बायका. "दिवसाला पाणी किती?" असं विचारलं की सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "आठ पेले!" शर्टांना काजं करणाऱ्या मावशी शेवटच्या बाकावर बसत. आवाज सर्वांत मोठा त्यांचा, आणि बाटली मात्र सकाळी भरली तशीच, गळ्यापर्यंत.

तिसऱ्या मंगळवारी मी त्यांना वर्गात दटावतात तसं दटावलं. "मावशी, पाठांतर उत्तम, आचरण शून्य!"

त्या हसल्या. "बाई, पाणी पोटात जाऊन तिथेच मुक्काम करत नाही हो."

"त्याला बाहेर यायला पास लागतो!" शेजारची म्हणाली, आणि सगळा बाक खिदळला.

मग मावशींनी मला तो पास दाखवला. सुपरवायझरच्या टेबलाला टांगलेली एक लाकडी पट्टी. चाळीस जणींत एकच. ती हातात असल्याशिवाय शौचालयाकडे फिरकायचं नाही. एक गेली की ती येईपर्यंत दुसरीने मशीन सोडायचं नाही. बायकांनी आपापसांत तोडगा काढला होता: गरोदर असलेली आधी, पाळी आलेली तिच्यामागून, बाकीच्यांनी घोटभरच प्यायचं. मावशी वयाने मोठ्या, म्हणून स्वतःचा नंबर नेहमी दुसरीला देऊन टाकायच्या.

मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सवयी शिकवा, शिस्तीचं आम्ही बघतो." आणि सांगायला लाज वाटते, पुढच्या मंगळवारी मी पुन्हा आठ पेलेच शिकवले.

दोन महिन्यांनी मावशी तापाने फणफणल्या. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. डॉक्टर त्यांच्यावरच डाफरले, "एवढं साधं कळत नाही?" कारखान्याने तर माझ्यापुढे अहवाल सरकवला: 'प्रशिक्षण देऊनही कामगार सवयी बदलत नाहीत.' खाली माझ्या सहीची जागा. चोराच्या उलट्या बोंबा! चाळीस बायकांना तहानलेलं ठेवायचं आणि वर त्यांनाच अडाणी ठरवायचं. मी सही केली नाही.

मावशी कामावर परतल्या त्या मंगळवारी तास पाहायला शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले होते. व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाले, "मावशी, सांगा बरं पाहुण्यांना, पाणी किती प्यायचं?"

मावशी उठल्या. बाटली उघडून उभ्या उभ्या सगळी संपवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तासानंतर पाहुणे मशीनं बघत हिंडत होते. अर्ध्या तासाने मावशी जागेवरून उठल्या. पट्टी टेबलाशी नव्हती.

"पट्टीशिवाय कुठे निघालात?" सुपरवायझर ओरडला.

"धडा गिरवायला," मावशी म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्यांच्यामागून आणखी चौघी उठल्या. पाहुण्यांनी पट्टीबद्दल विचारलं तेव्हा व्यवस्थापक त्यांना चहाला चलण्याचा आग्रह करू लागले.

त्या आठवड्यात पट्टी गेली. पुढच्या आठवड्यात मावशीही गेल्या. "तुमच्या तब्येतीला हे काम झेपत नाही," असं त्यांना काळजीच्या सुरात सांगण्यात आलं. ज्यांनी तब्येत घालवली तेच काळजी करत होते! माझा तासही बंद झाला, त्याचं मला सुतक नाही.

मावशी आता घरीच काजं करतात. एक मूत्रपिंड जेमतेम निम्मं चालतं, आणि दर तीन महिन्यांनी त्यांना रक्त तपासून घ्यावं लागतं.