पांढरी गाडी मागे का राहिली

दोन्ही व्याह्यांनी एकाच वर्षी मोठ्या गाड्या घेतल्या. मुलाकडच्यांची काळी, दौंडची. मुलीकडच्यांची पांढरी, तळेगाव ढमढेऱ्याची. पिकअप कोणाचा जास्त आणि टॉप स्पीड कोणाचा, यावरून बारशाची पंगतसुद्धा खोळंबली. शेवटी न्हावरे फाट्यावरून शर्यत ठरली. "आमी हरलो तर सूनबाई दिवाळीला माहेरी येत न्हाईत," मुलाचा बाप म्हणाला. सगळे हसले. पांढऱ्या गाडीचा पगारी ड्रायव्हर तेवढा काच पुसत राहिला.

सोयरीक मी जमवलेली, म्हणून पंचही मीच. मी पांढऱ्या गाडीत बसलो. त्या ड्रायव्हरने चपला सीटखाली सरकवल्या. तो अनवाणीच गाडी चालवायचा. सुटल्या सुटल्या त्याने काळीला मागे टाकलं. काटा दीडशेवर गेला. मग शेवटची खूण म्हणून ठरवलेला पूल दिसला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला. काळी हॉर्न वाजवत शेजारून गेली.

"अरे, काय झालं?"

"आप्पा, आपुन मुलीकडचे. पोरीला तिथं नांदायचं हाय."

मी काळी जिंकल्याचं जाहीर केलं. "तुला बैलगाडीच बरी," म्हणत पुलावर उभ्या असलेल्या मुलीच्या बापाने त्याला तिथंच कामावरून काढलं. त्याने किल्ली दिली आणि एसटीला हात केला.  मी खरं बोललो असतो तर काळी हरली असती.

दिवाळीला सासरा सुनेला स्वतः माहेरी घेऊन आला आणि वाटेत तिला काळीचा पिकअप दाखवला म्हणे.

दोघे व्याही आता नाहीत, म्हणून सांगतो. पांढरीच जास्त पळायची.